त्या मुलाला शाळेत परत घ्या: ज्याचा दात तुटला त्याच्या आईचं खुलं पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी, महानगरपालिका शिक्षण विभाग,
आणि शहरातल्या सगळ्या मनपा शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवरचे आई-वडील

स.न.वि.वि.

माझा मुलगा मनपा शाळेत सातवीत आहे. गेल्या वर्षीपासून मी तिथल्या शाळा व्यवस्थापन समितीवर आहे. घरी शिवणकाम करते. या पत्रात मी शाळेचं, शिक्षकांचं किंवा मुलांचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. दोन्ही मुलं तेरा वर्षांची आहेत, त्यांची ओळख चारचौघांत उघडी पडू नये. आपल्या कार्यालयात ऑगस्टमध्ये दिलेल्या माझ्या अर्जावर सगळी नावं आहेत. त्याची शिक्का मारलेली पोच माझ्याकडे आहे, उत्तर मात्र आलेलं नाही.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत, पाण्याच्या नळांपाशी वर्गातल्या एका मुलाने माझ्या मुलाला मागून ढकललं. हातात खिचडीची ताटली होती. ती सावरायला गेला आणि तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. वरचा पुढचा दात अर्धा तुटला, ओठाला आतून तीन टाके पडले. मी धावत गेले तेव्हा त्याचा शर्ट रक्ताने भरला होता. रिक्षात बसल्यावर त्याने उजवी मूठ उघडून दाखवली, तर आत दाताचा तुकडा होता. इतका वेळ त्याने तो घट्ट धरून ठेवला होता.

त्या रात्री मला कुणी विचारलं असतं तर मी एकच गोष्ट मागितली असती: त्या मुलाला शाळेतून काढा. हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी न मागताच तसं झालं, आणि ते कसं झालं हे मी त्याच खोलीत बसून पाहिलं.

मुख्याध्यापकांच्या खोलीत मला खुर्ची दिली, पाणी दिलं. थोड्या वेळाने त्या मुलाचे आई-वडील आले. वडील बांधकामावर बिगारी, आई चार घरची धुणीभांडी करते. दोघांनी त्या दिवसाचा खाडा केला होता. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, आणि मीही उठले नाही. टेबलावर अर्ज आधीच लिहून तयार होता. ‘आम्ही आमच्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला स्वखुशीने घेत आहोत.’ वडिलांना सही येते, पण हाताला सवय नाही. त्यांनी डाव्या पंजाने कागद दाबून धरला आणि एकेक अक्षर कोरत सही केली. तेवढा वेळ खोलीत कुणी बोललं नाही. मग आईने विचारलं, “मग आता हा कुठं जाईल?” तिला दुसऱ्या शाळेचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

मुलगा दाराशी उभा होता, पाठीवर दप्तर. त्याला कुणी काही विचारलं नाही. माझा मुलगा घरी पडून होता, त्यालाही कुणी विचारलं नाही. ज्या दोघांमध्ये हे घडलं त्यांच्यापैकी एकाचंही एक वाक्य त्या खोलीत आलं नाही. अर्ध्या तासात प्रकरण निकाली निघालं.

आठ दिवसांनी रात्री मुलाने मला विचारलं, “आई, तो परत येणार नाही का?” मला वाटलं भीती वाटतेय. म्हटलं, नाही येणार, झोप आता. तर तो उशीत तोंड खुपसून रडायला लागला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो मुलगा वाचताना अडखळतो. माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र त्याला ‘पहिली ब’ म्हणायचे. म्हणजे तुझी जागा सातवीत नाही, पहिलीच्या ब तुकडीत आहे. वर्गात शिरताना ‘पहिली ब आली’, डबा उघडताना ‘पहिली ब जेवतेय’. जूनपासून रोज. त्या दिवशी नळापाशी माझा मुलगा शेवटचं तेच बोलला होता.

ढकलणं यामुळे बरोबर ठरत नाही. माझ्या मुलाचा दात आयुष्यभरासाठी गेला आहे. पण महिनाभराहून जास्त चाललेली गोष्ट शाळेत एकाही मोठ्या माणसाला कळली नव्हती आणि मलाही नाही. दाखला देऊन ती गोष्ट कळण्याचा रस्ताच बंद झाला असता. मुलगा रडला नसता तर मला आजही काही ठाऊक नसतं.

मॅडम, गेल्या आठवड्यात आपल्या विभागाचं स्मरणपत्र सगळ्या शाळांना आलं. शिस्तीबाबत शाळांनी ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ असं सांगणाऱ्या जूनच्या परिपत्रकाची ‘प्रभावी अंमलबजावणी’ करणाऱ्या शाळांचं त्यात अभिनंदन आहे आणि बाकीच्यांनी तसंच करावं असं सांगितलं आहे. ते समितीच्या बैठकीत वाचून दाखवलं गेलं. ‘प्रभावी अंमलबजावणी’ म्हणजे काय ते मी त्या खोलीत पाहिलेलं आहे. म्हणून आता अर्ज करून गप्प बसणं मला जमत नाही.

माझ्या तक्रारी अशा.

पहिली कायद्याची. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात दुरुस्ती झाली, पाचवी आणि आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. काढून टाकण्यावरची बंदी मात्र जशीच्या तशी राहिली. म्हणूनच तो अर्ज आधी लिहून ठेवावा लागतो आणि त्यात ‘स्वखुशीने’ हा शब्द घालावा लागतो. त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये दाखल्याचा विषय आहे. शाळा बदलून जाणं हा तिथे मुलाचा हक्क म्हणून लिहिलेला आहे, आणि त्याने मागितल्यावर मुख्याध्यापकांनी दाखल्याला उशीर करू नये म्हणून ते कलम आहे. मुलाच्या हातात दिलेला हक्क आपण मुलाला बाहेर ढकलायला वापरतो आहोत.

दुसरी तक्रार त्या कागदाची. दाखल्यावर ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्या मुलाच्या दाखल्यावर तिथे लिहिलं आहे ‘समाधानकारक नाही’. खाली ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात ‘पालकांची विनंती’. हा कागद त्याच्या आईने मला प्लास्टिकच्या पिशवीतून काढून दाखवला. तिला वाचता येत नाही. तिने बोट ठेवून विचारलं, ताई, इथं काय लिवलंय? दाखला माणसाला जन्मभर लागतो, जन्मतारखेला, जातीच्या दाखल्याला. बाल न्याय अधिनियम, २०१५ हा ज्या मुलांच्या हातून खरोखर गुन्हा घडला त्यांच्यासाठीचाही कायदा. त्याच्या कलम ३ मध्ये तत्त्वं दिली आहेत, त्यात एक आहे नव्याने सुरुवात करू देण्याचं: अपवाद सोडले तर मुलाच्या जुन्या नोंदी पुसल्या जाव्यात. चोरी करून बाल न्याय मंडळापुढे उभ्या राहिलेल्या मुलाला कायदा जी सवलत देतो, ती सातवीत धक्का देणाऱ्या मुलाला आपली शाळा देत नाही.

तिसरी, ज्याला लागलं त्याला कुणी विचारलं नाही. ही माझी सगळ्यात जवळची तक्रार आहे. शाळेच्या नोंदवहीत माझा मुलगा फक्त ‘जखमी विद्यार्थी’ आहे. त्याला काय हवं होतं? नंतर मी विचारलं तेव्हा त्याने तीन गोष्टी सांगितल्या. त्याने मला मुद्दाम ढकललं का, ते कळायला हवं. वर्गात सगळे दाताकडे बघतात ते थांबायला हवं. आणि नळापाशी जायची भीती जायला हवी. दुसऱ्या मुलाच्या दाखल्याने यातलं एकही झालं नाही. तो दोन महिने घरून पाण्याची बाटली नेत होता, ती संपली की तहानलेला घरी यायचा.

चौथी समितीबद्दल आहे, म्हणजे माझ्याबद्दलही. शिक्षण हक्काच्या कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. आम्हाला हे प्रकरण झाल्यानंतर पुढच्या बैठकीत सांगितलं. ‘एका विद्यार्थ्याने पालकांच्या विनंतीवरून शाळा सोडली’ एवढं एक वाक्य, आणि वही फिरवली. मी सही केली. खरं काय झालं ते समितीवरच्या पालकांपैकी मी सोडून कुणी पाहिलेलं नव्हतं. तरी सही केली. त्याबद्दल मी त्या आई-वडिलांची त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली आहे.

आणि तो मुलगा आता कुठे आहे, हे आपल्या विभागाला माहीत आहे का? चिठ्ठीवरची शाळा चार किलोमीटरवर, हायवेच्या पलीकडे आहे. पहिला आठवडा गेला, मग बंद. आता तो नाक्यावरच्या पंक्चरच्या दुकानात असतो. दुकानदार म्हणतो, कामाला नाही, नुसता बसतो. मी पाहिलं तेव्हा तो टायरमधून ट्यूब काढून पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडा कुठून येतो ते बघत होता. आपल्या ऑनलाइन नोंदीत तो मुलगा बहुतेक अजूनही ‘शाळेत’ असेल.

आता, शिक्षा नको तर मग काय, हा प्रश्न मला समितीतल्या एका वडिलांनीच विचारला. आमच्या वस्तीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांनी मला पहिल्यांदा ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’ हे शब्द सांगितले. मराठीत पुस्तकी नाव जड आहे, मी त्याला सांधणारा न्याय म्हणते. आपण नेहमी विचारतो, नियम कुणी मोडला आणि त्याला काय शिक्षा? इथे प्रश्न वेगळे असतात. कुणाला लागलं? त्याला आता काय हवं आहे? ते भरून काढणं कुणाचं काम आहे? अमेरिकेतल्या हॉवर्ड झेहर यांनी हा विचार मांडला, पण त्याची सुरुवात पुस्तकात झाली नाही. कॅनडात ओंटारिओमधल्या एल्मिरा गावात १९७४ साली दोन तरुणांनी दारूच्या नशेत एका रात्री २२ ठिकाणी नासधूस केली. न्यायालयाच्या परवानगीने त्या दोघांना त्या लोकांच्या दारात नेलं गेलं. समोर उभं राहून काय केलं ते सांगायचं, नुकसान किती झालं ते ऐकायचं आणि ते भरून द्यायचं. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यात मुलांच्या प्रकरणांसाठी कुटुंबाची बैठक घालण्याची पद्धत आणली, तिची मुळं माओरी लोकांच्या रीतीत आहेत. तिथून ही वाट पुढे शाळांपर्यंत आली. कॅलिफोर्नियात ओकलंडच्या सरकारी शाळांमध्ये २००० नंतरच्या दशकात ती सुरू झाली.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना याच राज्याने महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. बांधाचे, पाण्याचे, भावकीचे तंटे गावाने समोरासमोर बसून मिटवावेत आणि पोलिस ठाण्याची पायरी कमी चढावी, हा तिचा हेतू होता. मोठ्या माणसांच्या भांडणात सरकारला जे जमण्यासारखं वाटलं, ते तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या बाबतीत का जमू नये?

सप्टेंबरच्या एका रविवारी आम्ही ते आमच्या घरी करून पाहिलं. शाळेचा त्यात काही संबंध नव्हता. त्या निवृत्त शिक्षिका बाई आधी दोन्ही घरी वेगवेगळ्या जाऊन आल्या होत्या, दोन्ही मुलांशी एकेकटं बोलल्या होत्या. दोघांनाही ‘नाही’ म्हणायची मोकळीक होती. त्या मुलाने पहिल्यांदा नाहीच म्हटलं, दहा दिवसांनी स्वतः येऊन हो म्हणाला. आम्ही सातजण गोल करून खाली बसलो. ज्याच्या हातात वस्तू असेल त्यानेच बोलायचं अशी रीत असते. आमच्याकडे माझी शिवणाची टेप होती.

माझा मुलगा आधी बोलला. दाताचं सांगितलं, नळाचं सांगितलं. मग टेप त्या मुलाकडे गेली. तो ती बोटाला गुंडाळत राहिला, सोडवत राहिला. कुणी घाई केली नाही. बऱ्याच वेळाने म्हणाला, “मला सॉरी म्हणायला सांगू नका. मी मुद्दामच ढकललं. पण दात पडंल असं वाटलं नव्हतं.” मग म्हणाला, “बाईंनी वाचायला उभं केलं की हे चौघं पुस्तक तोंडापुढं धरून हसायचे. मी घरी पाठ करून यायचो, तरी बाई दुसराच धडा काढायच्या.” त्याची आई त्याच्याकडे बघतच राहिली. पाठ करून जातो हे तिलाही ठाऊक नव्हतं. माझ्या मुलाची मान खाली गेली. मी सही केलेली वही मला तेव्हा आठवली.

शेवटी वहीच्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या. ‘पहिली ब’ बंद, आणि बाकीच्या तिघांना हे माझा मुलगा स्वतः सांगेल. ढकलणाऱ्याने काय केलं ते विचारणाऱ्याला खरं सांगायचं, चुकून झालं म्हणायचं नाही. तिसरी त्या मुलानेच सुचवली: सायकलचं पंक्चर तो काढून देईल, पुढच्या जूनपर्यंत, पैसे न घेता. उठताना त्याच्या वडिलांनी खिशातून पाचशेची नोट काढून माझ्यापुढे धरली. दात बांधून घ्यायला मला अडीच हजार लागले होते, पण त्यांच्याकडून घ्यायची माझी इच्छा नव्हती. बाई हळूच म्हणाल्या, “घ्या. त्यांना देऊ द्या.” मी घेतली. आल्यापासून त्या माणसाची नजर जमिनीवर होती. जाताना त्यांनी माझ्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला.

या सगळ्याला दीड तास लागला. दोघं मित्र झालेले नाहीत, समोर आले तर मान हलवतात एवढंच. पण माझा मुलगा बाटली न नेता शाळेत जातो.

एका घरातल्या एका रविवारावरून धोरण बदला असं मी म्हणत नाही. मोठ्या प्रमाणावर हे जिथे तपासलं गेलं तिथले निकाल मी समजून घेतले, आणि ते जसे आहेत तसेच सांगते. इंग्लंडमध्ये ४० माध्यमिक शाळांमध्ये तीन वर्षं चाचणी झाली, तिचे निकाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. निम्म्या शाळांमध्ये शिक्षकांना या पद्धतीचं प्रशिक्षण दिलं आणि मुलांना निर्णयात सामील करून घेतलं. तिथे एकमेकांना छळण्याचं प्रमाण कमी झालं. फरक लहान होता, पण होता. मारामारीत मात्र ठळक फरक दिसला नाही. अमेरिकेत पिट्सबर्गच्या सरकारी शाळांमध्ये २०१५ ते २०१७ या दोन वर्षांत रँड या संशोधन संस्थेने अभ्यास केला. मुलांना शाळेबाहेर ठेवण्याचे दिवस कमी झाले, शाळेचं वातावरण सुधारलं असं शिक्षकांनी सांगितलं. पण सहावी ते आठवीच्या मुलांच्या अभ्यासाचे निकाल घसरले. हा भाग मी झाकून ठेवणार नाही, माझा मुलगा सातवीत आहे. यातून मला एवढं कळतं की ही पद्धत एका परिपत्रकाने सगळीकडे लादायची नाही. वेळ, माणूस आणि प्रशिक्षण दिलं नाही तर ती वर्गाच्या तासांवर बसते.

शिक्षकांना मी दोष देत नाही. आमच्या मुलाच्या वर्गात ४९ मुलं आहेत. कायद्याचं प्रमाण सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असं आहे. त्यांना निवडणुकीचं काम आहे, सर्वेक्षण आहे, मोबाइलवर रोज कुठली ना कुठली माहिती भरायची आहे. ‘पहिली ब’ ऐकायला त्यांना कधी वेळ मिळणार? ज्या वर्गशिक्षिका बाईंनी त्याला वाचायला उभं केलं, त्यांना ही गोष्ट मी सांगितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, “तो सुधारावा म्हणूनच मी त्याला जास्त वेळा उठवत होते.”

एक गोष्ट मात्र मला ठामपणे सांगायची आहे, कारण हे पत्र वाचून काहीजण खूश होतील ते चुकीच्या कारणाने. सांधणं म्हणजे मिटवामिटवी नाही. आपल्याकडे ‘जाऊ द्या, मुलांचं भांडण आहे, आपसात मिटवा’ म्हणून दुबळ्याचं तोंड बंद करण्याची सवय जुनी आहे. जातपंचायतींनी समेटाच्या नावाखाली काय केलं ते या राज्याने पाहिलं, म्हणून तर २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. मुलीच्या अंगाला हात लावण्याची तक्रार आली तर तिला गोलात बसवायचं नाही. तिथे पॉक्सो कायदा आहे आणि पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. जातीवरून अपमान झाला, हत्यार निघालं, किंवा शिक्षकाने मुलाला मारलं, तर तेही या वाटेने जायचं नाही. मारणं आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे आणि करणाऱ्यावर सेवानियमाप्रमाणे कारवाई आहे. आणि ज्याला लागलं आहे त्याने नको म्हटलं तर बैठक होणार नाही. त्याला समजावून, गोंजारून, दटावून बसवायचं नाही. माझ्या मुलाने नको म्हटलं असतं तर तो रविवार झाला नसता, आणि ते मला मान्य करावं लागलं असतं.

माझ्या मागण्या या आहेत.

त्या मुलाला त्याच्या जुन्या वर्गात परत घ्या. दुसरं सत्र सुरू झालं आहे, रोज एक दिवस जातो आहे. त्याच्या दाखल्यावरचा वर्तणुकीचा शेरा रद्द करा. त्याला वाचायला शिकवण्याची व्यवस्था करा, कारण मूळ प्रश्न तिथे आहे. तो ‘बेशिस्त’ ठरला, पण सातवीपर्यंत येऊनही त्याला नीट वाचता का येत नाही याचं उत्तर शाळेने कुणालाच दिलेलं नाही.

जूनचं परिपत्रक मागे घ्या. ‘योग्य तो निर्णय घ्यावा’ या त्यातल्या शब्दांचा अर्थ प्रत्येक शाळेने दाखला असाच घेतला आहे.

गेल्या दोन वर्षांत मनपा शाळांतून ‘पालकांच्या विनंतीवरून’ गेलेल्या सहावी ते आठवीच्या मुलांची यादी काढा आणि त्यांच्या घरी माणूस पाठवा. तो माणूस त्याच शाळेचा नसावा. विनंती खरी होती का, मूल आता कुठल्या शाळेत आहे, एवढे दोनच प्रश्न विचारायचे आहेत.

पुढच्या जूनपासून पाच शाळांमध्ये सांधणाऱ्या न्यायाचा प्रयोग करा. प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक आणि पाच शाळांना मिळून एक पूर्णवेळ समुपदेशक. एका दिवसाच्या कार्यशाळेत चहा-बिस्किटं आणि प्रमाणपत्र मिळतं, बाकी काही होत नाही. प्रशिक्षण सुट्टीत, पगारी, आणि वर्षभर सोबत राहील असं असावं. या शिक्षकांना त्या वर्षापुरतं इतर कामांतून मोकळं करा. परिपाठानंतर आठवड्यातून एकदा अर्धा तास वर्ग गोल करून बसला, तर ‘पहिली ब’सारखी गोष्ट दात तुटण्याआधी कळेल. दोन वर्षांनी हजेरी, निकाल आणि मुलांचं म्हणणं तपासा. अभ्यास मागे पडला असेल तर तेही जाहीर सांगा.

कुठली प्रकरणं या वाटेने अजिबात जाणार नाहीत, याची यादी प्रयोगाच्या पहिल्या दिवशी लेखी लावा, प्रत्येक शाळेच्या फलकावर, मराठीत.

कुठल्याही प्रकरणात निर्णयाआधी दोन्ही मुलांचं म्हणणं, त्यांच्याच शब्दांत, लिहून घ्या. आणि आई-वडिलांना बसायला खुर्ची द्या.

समित्यांवरच्या आई-वडिलांना मला वेगळं सांगायचं आहे. ‘पालकांची विनंती’ असं लिहिलेली वही समोर आली तर सही करण्याआधी त्या घरी जाऊन या. आपल्याला तेवढा अधिकार आहे. मी गेले नव्हते.

मॅडम, शिक्षण हक्काच्या कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे अशा तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. माझा अर्ज ५ ऑगस्टचा आहे, मुदत संपली. आमच्या शाळेच्या समितीची बैठक येत्या शुक्रवारी सकाळी ११ वाजता आहे. मी हा विषय लेखी दिला आहे. आपण याल तर उत्तम, नाहीतर निर्णय घेऊ शकेल असा अधिकारी पाठवा. त्या मुलाच्या आईने शुक्रवारचा खाडा सांगून ठेवला आहे. तिच्याकडे तो दाखला आहे, माझ्याकडे अर्जाची पोच आणि वहीचं ते पान. तिघीचौघींना पुरतील एवढ्या खुर्च्या मी आधी मागून ठेवते.

आपली,
सातवीतल्या एका मुलाची आई
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती